मिल बंद पडली, माणसं राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात दोन पत्रं वाचली. पहिल्यात आयर्लंडची राजधानी डब्लिनमधल्या भारतीयांवर झालेल्या हल्ल्यांबद्दल संताप होता. जुलै २०२५ मध्ये तिथल्या टाला भागात एका भारतीय माणसाला टोळक्यानं बेदम मारलं, पाठोपाठ तसे आणखी प्रकार घडले, आणि जपून राहा अशी सूचना आपल्या दूतावासाला तिथल्या भारतीयांसाठी काढावी लागली. तो संताप माझाही आहे. माझी मुलगी शेजारच्याच देशात, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात नर्स आहे. दुसरं पत्र चार दिवसांनी आलं. युरोपातल्या शहरांत जाऊन राहिलेले तुर्क, अरब, आफ्रिकी लोक दोन-तीन पिढ्या झाल्या तरी तिथले होत नाहीत, आपापल्या वस्त्या करून राहतात, घरात आपलीच भाषा बोलतात, तेव्हा त्यांना परत पाठवलं तर बिघडलं कुठं, असं त्यात विचारलं होतं. दोन्ही पत्रलेखक सोलापूरचेच.

दुसऱ्या पत्रानं मला झोप लागू दिली नाही. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी लहानपणी माझ्या स्वतःच्या घराबद्दल ऐकलेलं आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. साखर पेठेत जन्मले, तिथंच वाढले आणि चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमची मातृभाषा तेलुगू, समाज पद्मशाली. आजोबा, आम्ही त्यांना तातय्या म्हणायचो, करीमनगरकडून आले. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, मागोमाग आणखी मिल आल्या, आणि त्यांना हात हवे होते. तिकडं तेलंगणात हातमागावर विणकराचं पोट भरत नव्हतं. एवढ्या दोन गोष्टींवर आमचं सगळं घराणं इकडं आलं. तातय्यांनी पुष्कळ वर्षं घरात कपाट घेतलं नाही. सगळं लोखंडी ट्रंकेत. दिवाळीचे कपडे, आजीचे चार दागिने, गावाकडच्या जमिनीचा कागद, सारं काही. कधी जावं लागेल सांगता येत नाही, असं ते म्हणत. शेजारचेही तसंच म्हणत, फक्त त्यांच्या तोंडी ‘हे तेलंगी आज आलेत, उद्या जातील’ असं असायचं.

साठच्या दशकात जुनी मिल बंद पडली. ज्या भोंग्यावर शहर उठायचं तो थांबला. माझे वडील तेव्हा तरुण होते. त्यांनी उसनवारी करून घरात माग टाकला, पुढं यंत्रमाग आले, चादरी आणि टॉवेल सुरू झाले. आई विड्या वळायची. ज्या कामासाठी बोलावलं होतं ते काम संपलं, तरी माणसं राहिली. ‘आता तुम्ही जा’ असं शहर त्या वेळी म्हणालं नाही. चिडलं असेल, नावं ठेवली असतील, पण जा म्हणालं नाही. मला हे फार मोठं वाटतं आणि त्याबद्दल या शहराची मी ऋणी आहे.

आता जर्मनीचं पाहा. पत्रलेखकांचा रोख मुख्यतः तिथल्या तुर्कांवर होता. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार मागवले. ते घुसले नव्हते. दात आणि हातपाय तपासून, निवडून, आगगाडीत बसवून त्यांना नेलं होतं. इटली, स्पेन, पोर्तुगालहूनही असेच नेले. सप्टेंबर १९६४ मध्ये दहा लाखावा कामगार म्हणून पोर्तुगालच्या अर्मांदो रॉद्रिगेस यांचं कोलोनच्या स्टेशनवर बँड लावून स्वागत झालं, त्यांना मोपेड भेट दिली. या लोकांसाठी शब्द वापरला जायचा ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा कामगार. शब्द ऐकायला गोड आहे. पण पाहुण्याला आपण पाट देतो, पाणी देतो, घराची किल्ली देत नाही. आणि तो कधी जाणार हे विचारायचा हक्क घरमालकाकडे कायम राहतो. १९७३ च्या नोव्हेंबरात, तेलाच्या संकटाच्या वेळी, ही भरती थांबली. जर्मनीचाही भोंगा थांबला म्हणा. पण तोवर लोकांनी बायकामुलं आणायला सुरुवात केली होती, मुलं शाळेत जात होती. एकदा बाहेर पडलो तर पुन्हा येऊ देणार नाहीत या भीतीनं उलट माणसं तिथंच थांबली. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात ती एकवटली, कारण भाड्यानं खोली मिळायची ती तिथंच. बर्लिनच्या भिंतीला लागून असलेला, पडक्या इमारतींचा तो भाग स्थानिकांना नको होता. आणि मग पुढं हीच माणसं ‘आपापल्या वस्त्या करून राहतात’ म्हणून दोषी ठरली.

आमचा पूर्व भाग काही वेगळ्या रीतीनं वसलेला नाही. जिथं भाडं परवडलं, जिथं तेलुगू बोलणारा दुकानदार उधार देत होता, जिथं मिल पायी गाठता येत होती, तिथं माणसं राहिली. त्यात कसला कावा नव्हता.

फरक पुढं पडला, आणि याच फरकासाठी मी हे पत्र लिहिते आहे. माझ्या आईला मराठी वाचता येत नव्हतं, बोलायची तेही बाजारापुरतं. पण प्रत्येक निवडणुकीला ती सकाळी सातलाच रांगेत उभी असे, घडीची साडी नेसून. परत आली की बोट दाखवायची. तंबाखूनं पिवळी पडलेली, पानं कापून चरे पडलेली बोटं, आणि त्यातल्या एकावर शाईची काळी रेघ. त्या दिवशी सुपात पानं ठेवायच्या आधी ती ते बोट जरा वेळ तसंच धरून बसे. या बायकांची मतं होती म्हणून त्यांच्या गल्लीत नळ आला, दवाखाना आला. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरं २००६ साली उभी राहिली, ती कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांच्या मागं याच बायका मोर्चात चालल्या म्हणून. गंगाधर कुचन १९८० मध्ये, धर्मण्णा सादूल १९८९ मध्ये सोलापूरचे खासदार झाले. दोघांच्या घरात तेलुगू. त्या निवडणुकांनंतर आमच्या घरातल्या ट्रंकेतले कपडे कपाटात कधी गेले ते मला आठवत नाही, पण गेले.

बर्लिनमधल्या तुर्क बाईला हे नव्हतं. तीस-तीस वर्षं तिथं राहून, कर भरून, मुलं वाढवून तिला आपल्या वॉर्डाचा प्रतिनिधी निवडता येत नव्हता. काही राज्यांनी परदेशी रहिवाशांना पालिकेपुरता मताचा हक्क द्यायचा कायदा केला, तर तो तिथल्या घटना न्यायालयानं ३१ ऑक्टोबर १९९० रोजी रद्द ठरवला. पहिल्या करारापासून बरोबर एकोणतीस वर्षं आणि एक दिवस झाला होता. जर्मनीत जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या मुलांना जन्मानं नागरिकत्व मिळायची वाट २००० साली उघडली, आणि मूळचं नागरिकत्व न सोडता जर्मन होण्याची सरसकट मुभा जून २०२४ मध्ये आली. म्हणजे पहिल्या गाडीनं आलेला पंचविशीतला पोरगा तोपर्यंत नव्वदीला टेकला. साठ वर्षं ज्याला पाहुणा म्हणून ठेवलं, त्यालाच ‘तू आमचा का होत नाहीस’ असं विचारणं मला अन्यायाचं वाटतं.

सगळीकडे असं नाही, हेही सांगायला हवं. स्वीडननं १९७६ पासून परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत दिलं. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं राहिलेल्याला पालिकेसाठी मत देता येतं, आणि रॉटरडॅमसारख्या बंदराच्या शहराचे महापौर म्हणून मोरोक्कोत जन्मलेले अहमद अबूतालेब २००९ ते २०२४ इतका काळ राहिले. आयर्लंडमध्येही स्थानिक निवडणुकीत रहिवाशाला मत आहे, मग तो कुठल्याही देशाचा असो. तरीही डब्लिनमध्ये मारहाण झाली. मत मिळालं की मार चुकतो असं मी म्हणत नाही. पण मार बसल्यावर दाद कुणाकडे मागायची, नगरसेवकानं दार उघडायचं की नाही, हे मतावर ठरतं.

माझ्या मुलीचंच सांगते. ती लेस्टरला गेली तेव्हा तिच्याकडे भारतीय पासपोर्ट होता. पण राष्ट्रकुल देशांच्या रहिवाशांना ब्रिटनमध्ये मत देता येतं, त्यामुळं डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत तिनं भारतीय नागरिक असतानाच तिथल्या संसदेसाठी मतदान केलं. तिथं शाई लावत नाहीत, पेन्सिलीनं फुली मारतात. तिनं मला फोन करून सांगितलं, “अम्मा, आज मी अम्मम्मासारखी सकाळी सातला रांगेत होते.” त्या दिवशी माझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

लेस्टरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते शहर मी पाहिलं आहे. नातीच्या वेळी सहा महिने राहिले आणि दोन वर्षांपूर्वी पुन्हा चार महिने. तेही कापडाचंच शहर. आपल्याकडं चादर-टॉवेल, तिथं मोजे-बनियन, होजिअरी. लाल विटांच्या चार-चार मजली गिरण्या अजून उभ्या आहेत, काचा फुटलेल्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आपल्या मिलच्या भिंती आठवून गलबलून आलं. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं. सुमारे अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला आली. त्यांतले पुष्कळ जण लेस्टरकडे निघाले, कारण तिथं आधीच नातेवाईक होते आणि गिरण्यांत काम होतं. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. घरं नाहीत, शाळांत जागा नाहीत, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका, असा त्या जाहिरातीचा मजकूर. सप्टेंबर १९७२ ची गोष्ट.

मुलीच्या शेजारी एक गुजराती आजोबा राहतात, ते त्याच वेळी कम्पालाहून आलेले. पन्नासेक पौंड आणि एक सुटकेस एवढ्यावर विमानात बसले, म्हणाले. आधी लष्कराच्या जुन्या छावणीत ठेवलं होतं, थंडीनं बायकांच्या साडीखाली पुरुषांचे पायजमे असायचे. मी त्यांना विचारलं, जाहिरातीत येऊ नका म्हटलं असताना तुम्ही लेस्टरलाच का आलात? ते म्हणाले, “बहेन, जाहिरात वाचली म्हणून तर या शहराचं नाव कळलं.” मग गंभीर होऊन म्हणाले की पहिली काही वर्षं गिरणीत त्यांना तेवढ्याच कामाचे कमी पैसे मिळत. मे १९७४ मध्ये तिथल्या इंपीरियल टाइपरायटरच्या कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तो याच कारणासाठी. कामगार संघटनेनंही त्यांची बाजू घेतली नव्हती. आजोबांचे धाकटे भाऊ त्या संपात होते.

आज बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, फरसाणाची दुकानं ओळीनं आहेत, रस्त्यात गांधीजींचा पुतळा आहे आणि दिवाळीच्या रोषणाईला माणूस मावत नाही. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये आशियाई वंशाचे ४३.४ टक्के आणि गोरे ४०.९ टक्के निघाले. बहुसंख्य म्हणावा असा तिथं कुणीच उरलेला नाही. ज्या शहरानं येऊ नका म्हणून जाहिरात दिली, त्याच शहरात त्या आगमनाची पन्नाशी २०२२ मध्ये कौतुकानं साजरी झाली.

पण मला लेस्टर आवडलं ते बेलग्रेव्ह रोडमुळं नाही. तिथली जुनी माणसं बोलताना सगळ्यांना ‘मी डक’ म्हणतात. आपल्याकडं बाई, अक्का, बाळा म्हणावं तसं. बसमध्ये चढताना मी सुटे पैसे मोजत होते, मागं रांग होती. ड्रायव्हर म्हणाला, घाई करू नका, मी डक. नंतर एकदा आम्ही लंडनला गेलो असताना नातीला एका बाईंनी विचारलं, बाळ तू कुठली? ती म्हणाली, लेस्टर. त्या म्हणाल्या, तसं नाही, खरी कुठली? ती पुन्हा म्हणाली, लेस्टर. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती माझ्याकडे बघायला लागली. सात वर्षांची होती. आपण काही चुकीचं उत्तर दिलं का, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

तो चेहरा मी ओळखते. नोकरीत असताना पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले होते. मी नमुना पाठ घेतला, विषय मराठी व्याकरण. पाठ झाल्यावर एक अधिकारी जवळ येऊन मनापासून म्हणाले, “आडनावावरून तेलुगू वाटता, पण मराठी किती छान बोलता हो!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मला मराठी शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून तर मला काही बोलता आलं नाही. मुलीलाही तिथं ‘तुझं इंग्रजी छान आहे’ असं ऐकावं लागतं. एका पेशंटनं तर रात्रपाळीत तिला तोंडावर सांगितलं होतं की मला दुसरी नर्स द्या. तिच्या वरच्या सिस्टरनं त्या पेशंटला शांतपणे सांगितलं की या वॉर्डात आज हीच नर्स आहे. तीच सिस्टर पहिल्या आठवड्यात आमचं चार अक्षरी आडनाव कागदावर लिहून घेऊन पाठ करत होती. सोयीसाठी छोटं नाव सुचवणारे पुष्कळ भेटतात. आडनाव पाठ करणारी अशी एकच भेटली, आणि मुलगी अजून त्याच हॉस्पिटलात आहे.

चांगलं काम करून दाखवलं की स्वीकारतात, असं पत्रलेखकांचं एक वाक्य होतं. पॅरिसमध्ये मे २०१८ मध्ये मालीहून आलेला बावीस वर्षांचा मामुदू गासामा चौथ्या मजल्यापर्यंत गॅलऱ्या धरत चढला आणि लोंबकळणाऱ्या मुलाला त्यानं वाचवलं. राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं, नागरिकत्व दिलं. त्याचं कौतुक मलाही आहे. पण ज्याच्या वाट्याला असं मूल येत नाही, जो रोज पहाटे चारला उठून कार्यालयांच्या फरशा पुसतो, त्यानं काय करायचं? तुर्की वंशाचा फुटबॉलपटू मेसुत ओझिल जर्मनीत जन्मलेला, २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. २०१८ मध्ये तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबतच्या फोटोवरून वाद झाला, त्यातच संघ हरला, आणि संघ सोडताना त्यानं लिहिलं की आम्ही जिंकलो की मी जर्मन असतो आणि हरलो की स्थलांतरित. फोटो काढण्यात त्याची चूक झाली असं मानलं तरी हे वाक्य खोटं ठरत नाही. माझ्या शाळेत पहिला नंबर आलेला मुलगा ‘आपल्या शाळेचा’ असायचा आणि काच फोडणारा ‘त्या वस्तीतला’. दोघे एकाच गल्लीतले असायचे. शिक्षकांच्या खोलीत हे बोलणं मी ऐकलेलं आहे आणि सुरुवातीची काही वर्षं गप्पही बसलेली आहे.

आता आमच्या बाजूचं. वस्तीत राहिलेल्या माणसांकडून काहीच चुकत नाही असं म्हटलं तर तो खोटेपणा होईल. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे लोक आले. मंगला धरणात तिकडची सुमारे लाखभर माणसं उठली होती, आणि इकडं गिरण्यांना रात्रपाळीला माणूस मिळत नव्हता. दिवसपाळीला गोरे, रात्रपाळीला हे. एकाच मशीनवर काम करणारी दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. गिरण्या बंद पडल्यावर तर भेटायचं ठिकाणच उरलं नाही. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या, तेव्हा टेड कँटल यांच्या समितीनं लिहिलं की इथं लोक समांतर आयुष्यं जगताहेत. शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, सुट्टीचा दिवस वेगळा. त्यात वस्तीच्या आतल्या वडीलधाऱ्यांचाही हात असतो. सुनेला भाषेच्या वर्गाला न पाठवणारे, मुलीचं लग्न तिला न विचारता ठरवणारे आपल्यातही आहेत. लंडनच्या साउथॉलमध्ये १९७९ पासून आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बायकांची ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना घरातल्या मारहाणीविरुद्ध आणि बाहेरच्या वर्णद्वेषाविरुद्ध एकदमच लढते आहे. मला त्यांचा हा मार्ग पटतो. माझ्या आईला मराठी आलं असतं तर विडी कारखान्याच्या मुकादमानं मोजणीत तिला इतकं फसवलं नसतं.

पण आई शिकली नाही यात तिच्याइतकीच शहराचीही जबाबदारी होती, कारण तिला कुणी शिकवायलाच आलं नाही. मला शिकवायला एक बाई होत्या. पहिलीच्या पहिल्या दिवशी मला तहान लागली आणि मराठीत मागता येईना. मी रडायला लागले. बाईंनी विचारलं, तुमच्यात पाण्याला काय म्हणतात? मी म्हटलं, नीळ्ळु. त्यांनी फळ्यावर लिहिलं: पाणी. त्याखाली नीळ्ळु. मग वर्गातल्या कानडी मुलाला विचारून नीरु, आणि मोमिनांच्या मुलीला विचारून पानी. चौघांनी एकमेकांचा शब्द म्हणायचा आणि मग माठाकडं जायचं. त्या माठातलं पाणी पिऊन मी जी त्या शाळेची झाले, ती पुढं मराठीची शिक्षिका झाले. आधी मराठी शिकून ये, मग पाणी देते, असं बाई म्हणाल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नसते. युरोपातली शहरं आणि त्यांच्याकडं आलेली माणसं यांच्या भांडणात मला दर वेळी तो माठ आठवतो. आधी पाणी द्यायला हवं. भाषेची परीक्षा जरूर घ्या, पण तहानलेल्याला उभं ठेवून नको.

लेस्टरलाही दृष्ट लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथं हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले. खोट्या बातम्या मोबाइलवरून पसरल्या आणि त्यांतल्या पुष्कळ त्या शहराच्या बाहेरून, परदेशातूनही पसरवल्या गेल्या. मुलगी तेव्हा रात्रपाळीला टॅक्सीनं जात होती, टॅक्सीवाला मुस्लिम होता, आणि दोघंही वाटभर गप्प होते. उतरताना तो म्हणाला, सुटायची वेळ सांगा, मी न्यायला येतो. तो आला. ते व्हिडिओ त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या ग्रुपवरही फिरत होते, खाली शिव्या लिहून. ज्यांनी ते पुढं पाठवले त्यांना माझ्या मुलीचा तो रस्ता माहीत नव्हता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेली आपल्या शहरातली चार माणसं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. इंग्रज सरकारनं चौघांना फासावर देताना मूळचे कुठले हे विचारलं नव्हतं.

हे सगळं आता आपल्या दारातही येतंय. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, गवंडी, ड्रायव्हर असे आपले तरुण जायला निघाले आहेत. आमच्याच गल्लीतल्या विडी कामगार बाईचा मुलगा जर्मन शिकतोय, भिंतीवर शब्दांच्या चिठ्ठ्या डकवल्या आहेत. तो श्टुटगार्टला उतरेल तेव्हा त्याला परवडणाऱ्या खोलीबद्दल सांगणारा, शुक्रवारी उधार भाजी देणारा बहुधा एखादा तुर्क दुकानदारच असेल. ज्या कायद्यांच्या आधारावर त्याला पाच वर्षांत नागरिकत्वाचा अर्ज करता येईल, ते कायदे बदलायला त्या दुकानदाराच्या बापानं आणि आजोबानं साठ वर्षं घालवली आहेत. त्या लोकांना ‘परत पाठवा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला उभं राहून आपल्या पोरांसाठी कुठल्या तोंडानं न्याय मागायचा? डब्लिनमध्ये ज्यांनी हात उचलला, तेही ‘हे इथले नाहीत’ एवढंच म्हणत होते.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. तिथं जन्मलेल्या, तिथंच शिकलेल्या माणसांची बातमी छापताना मथळ्यात त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणू नये. बापाला तो शब्द लागू असेल, लेकाला नाही. पॅरिसच्या उपनगरातल्या तरुणानं दगड मारला तर दगड मारणारा तरुण म्हणा, त्याचा आजोबा अल्जीरियाचा होता हे मथळ्यात कशाला? दुसरी विनंती, माझं हे पत्र ज्यांनी दुसरं पत्र लिहिलं त्या सद्गृहस्थांपर्यंत पोचेल अशा जागी छापावं.

यंदा नवरात्रात लेक आणि नात येणार आहेत. आम्ही गल्लीत बतुकम्मा मांडतो. तरवडाची पिवळी फुलं आणि कुरडूचे तुरे थरावर थर रचून गोपुरासारखी परडी करायची, मध्ये ठेवून बायकांनी टाळ्या वाजवत भोवती फिरायचं. तरवड आता शहरात मिळत नाही, होटगीच्या बाजूला माळावर जावं लागतं. नातीनं फोनवर विचारलं आहे की ती फुलं लेस्टरहून आणू का. मी तिला सांगितलं, झेंडू-शेवंतीसारखी जी मिळतील ती कागदात गुंडाळून, वाळलेली चालतील, एक थर त्यांचाही रचू. पत्रलेखकांनी घरच्या मंडळींना घेऊन जरूर यावं. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
साखर पेठ, सोलापूर

(मुलगी तिथं नोकरीत असल्यानं माझं नाव छापू नये, ही विनंती.)